मामा वाट चुकेल म्हणून

माय,

तू गेलीस तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आजही येत नाही. तेवढ्या बाबतीत मी बदलले नाही. हे नातीकडून लिहवून घेतेय. दहा वर्षांची आहे, जयपुरात वाढलीय, बोलताना मधेच ‘मतलब’ घालते. तिच्या हातून माझं बोलणं कसं उतरतंय कोण जाणे. तुलाही वाचता येत नव्हतं, म्हणजे चुका काढणारं कोणी नाही.

मला ती दुपार आठवते. बा, माझा बाप, वारल्याला पंधरा दिवस झालेत. तू चुलीपुढे सुपात तांदूळ निवडतेयस, मी सहा-सात वर्षांची, भिंतीला टेकून, कोणाशी बोलत नाही. तू एकाएकी गोष्ट सुरू केलीस. राक्षशीण एका मुलीच्या आईला उचलून नेते, आणि मुलगी आईची पळी घेऊन शोधायला निघते. मी तुलाच दटावलं, दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, तूच म्हणतेस ना. तू सूप खाली ठेवलं नाहीस. म्हणालीस, “मामा मोठा आहे, विचारत विचारत येईल. तू लहान आहेस, तुला वाट आधी पाहिजे.” आणि सांगत राहिलीस. मुलगी पळीभर उकळती पेज राक्षशिणीच्या डोळ्यांत फेकते, राक्षशीण मरते, पण आई मिळत नाही. मुलगी घरी येते, चूल पेटवते, त्याच पळीने भात वाढते. संपली. मी तुझा फार राग केला. मग रडले, त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

माझी मुलगी चार वर्षांमागे इथल्या दवाखान्यात वारली. जावई रेल्वेत, क्वार्टर इथेच जयपुरात, झोटवाड्याकडे. पोर तेव्हा सहाची. जावयाने तिला सांगितलं, आई गावाला गेलीय. पोर माझ्याकडे बघून म्हणाली, गाव तर आजीचं आहे, मग आजी इथे कशी? त्यावर मी शहाणपणा केला. तुझी गोष्ट काढली आणि घासूनपुसून गोड केली. माझी राक्षशीण भली निघाली. आईला हात धरून घरी आणून सोडते, वर लाडू देते.

दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेतून आली की ओट्यावरची पळी घेऊन पायरीवर बसायला लागली. राक्षशीण वापस करायला येईल ना, म्हणे, तिला घर कळायला पाहिजे. आठ दिवस बसली. मी वरण वाटीने वाढत होते. पळी मागायची कशी तिच्याकडे?

कॉलेजात शिकवणाऱ्या एक मराठी बाई आमच्याकडे येतात, लहान मुलांच्या मनाचं शिकल्यात. त्या म्हणाल्या, आजी, राक्षशीण मुलांच्या मनात आधीपासून असतेच, गोष्टीत ती मरते म्हणून त्यांना धीर येतो. तुम्ही तर तिला पाहुणी केलीत. बघ माय, हे सांगायचा त्यांना पगार मिळतो, आणि तू तांदूळ निवडता निवडता उरकलंस.

नवव्या दिवशी दुपारी मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. म्हटलं, मी खोटी सांगितली होती, आता खरी ऐक. ती म्हणाली, दिवसा नको, मामा वाट चुकेल. तिचा मामा म्हणजे माझा मुलगा, रेल्वेचं इंजिन चालवतो. मग जरा विचार करून स्वतःच म्हणाली, “मतलब, मामा तर पटरीवरून जातो. तो कसा चुकेल?” इंजिनवाल्याची आई असून माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

सांगितली. तुझी, जशीच्या तशी. ती पळीकडे बघत राहिली.

“आजी, आई वापस येतच नाही?”

“नाही गं.”

तिने पळी माझ्या गुडघ्यावर हाणली, दोनदा. मग माझ्याच मांडीत तोंड घालून रडली, दिवेलागणीपर्यंत. उठली आणि त्या पळीने बापाला, मला भात वाढला, निम्मा सांडला. इथल्या थंडीत गुडघा अजून दुखतो. दुखू दे.

पोरगी विचारतेय, पत्ता काय घालू. म्हटलं, घडी करून तांदळाच्या डब्यात ठेव.

एक राहिलं. हेही लिहू का, विचारते. लिही, म्हटलं, तुझ्या आईचंच आहे. शेवटच्या दिवशी दुपारी माझ्या मुलीने दवाखान्यात माझा हात धरला. म्हणाली, आई, लहानपणीसारखी एखादी गोष्ट सांग ना. ती चार वाजता गेली. तिचा मामा, म्हणजे तुझा मुलगा, जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, माय. वाट चुकायला कोणी उरलंच नव्हतं. तरी मी म्हणाले, दिवसा नको, संध्याकाळी सांगते.