सव्वापट वजन

१२ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या हलक्या ट्रॉलीला कंपनीचं बक्षीस मिळाल्याचं कळलं. कळणारच. बाबा सकाळी दूधवाल्याला समजावत होते की ट्रॉली म्हणजे क्रेनच्या तुळईवर फिरणारी गाडी, तिच्यातच वजन उचलायची मोटर असते, आणि ती आपल्या धाकटीने निम्म्याने हलकी केली. मी इतकी वर्षं क्रेन तपासते, पण माझ्याबद्दल कोणी विचारलं की ते म्हणतात, थोरली तपासणीला असते. जणू मी नाक्यावर गाड्या अडवते.

असो, अभिनंदन. मनापासून लिहिलं असतं, पण तू मला ओळखतेस.

आठवण ठेव.
तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिरकस पत्र पोचलं. लहानपणी तुझे जुने फ्रॉक मी निमूट घातले, आणि माझं एक नवं कौतुक तुला इतकं टोचावं?

बातमी अशी की तीच क्रेन तुमच्या गावातल्या कागदाच्या गोदामात बसते आहे. चाचणीला तू असशील असं ऐकलं. मला तर आनंदच झाला. आमचे हे मात्र म्हणाले, जपून राहा. बाबांच्या गुडघ्याचं कळव.

माया आहे तशी राहू दे.
बारकी

२० फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझी क्रेन मी नापास केली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहिते आहे.

क्रेन बहिणीची आहे, दुसऱ्याला पाठवा, असं मी साहेबांना आधीच सांगितलं होतं. ते हसले, म्हणाले, मग तर तुम्ही जास्तच कडक तपासाल. सकाळभर क्रेन चालवून पाहिली, मग नियमाप्रमाणे क्षमतेच्या सव्वापट वजन उचललं आणि मोटर बंद केली. ब्रेकने ते जागच्या जागी धरायला हवं होतं. पण दमलेल्या माणसाने खुर्चीत टेकावं तसं ते सावकाश खाली येऊ लागलं. त्या जागेखाली दिवसभर माणसं वावरतात, बारके.

पुढचं कोणाला दाखवू नकोस. वजन घसरलं तेव्हा मला बरं वाटलं. मग भीती वाटली, की मला हवं होतं तेच मला दिसलं का? म्हणून गोदामाच्या इंजिनिअरला मोजपट्टी घेऊन उभं केलं आणि पुन्हा पुन्हा उचलायला लावलं. प्रत्येक वेळी घसरलं.

रागाव, पण पत्र लिही.
ताई

२६ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

आमच्या कारखान्यात पास झालेली क्रेन तुझ्याच हाताखाली कशी नापास होते? इथे सगळे माझ्याकडे बघून बोलायचे थांबतात. बाबांना फोन केला, तर ते नुसते हूं हूं करत राहिले. बरं वाटलं असं तूच लिहिलंस. पोटात दुखत होतं तर औषध घ्यायचंस. माझ्या पानातलं का काढून घेतलंस?

बारकी

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

ब्रेक उघडून पाहिला. ट्रॉली हलकी करायच्या नादात मी तो लहान घेतला होता. आमच्याकडे चाचणी ब्रेक गार असताना झाली, म्हणून त्याने धरलं. तुमच्याकडे काम करून तापला आणि घसरला. चूक माझी, आणि तसं मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. आता मोठा ब्रेक बसवलाय. ट्रॉली जड झाली. कौतुकही ओसरलं, पण ते चालायचंच.

फेरचाचणी दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ या, असं आमचे साहेब म्हणत होते. मी म्हटलं, "ताईलाच बोलवा. माझी चूक सापडावी अशी एवढी हौस दुसऱ्या कोणाला असणार?"

राग अजून गेलेला नाही. तरी पत्राची वाट बघते.
बारकी

२८ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

आज फेरचाचणी घेतली. आधी क्रेन दिवसभर राबवून ब्रेक चांगला तापवला, मग सव्वापट वजन टांगलं. आम्ही सगळे माना वर करून कितीतरी वेळ बघत उभे होतो. वजन तसूभरही हललं नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं? जरासं वाईट वाटलं. मग सही केली.

सुट्टीत ये.
तुझी ताई