दोन नंबरचं मशीन

३ नोव्हें. ९८, मंगळ
डोकं फिरलंय. डिझाइनचं वर्कस्टेशन सकाळपासून बंद. चालू केलं की स्क्रीनवर एकच तक्रार, मशीनचा नंबर सापडत नाही, आणि पुढे ठप्प. कारखान्यातल्या सगळ्या डायची, साच्यांची, ड्रॉइंगं त्यात. मागचं कव्हर काढायला गेले तर शेठ केबिनमधून ओरडत आले, "मॅडम, हात लावू नका! पुण्याहून इंजिनिअर येईल." दोन वर्षं मीच चालवते ते. तरी हात लावू नका.
हे वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कर्जतला लहानपणी शाळेतल्या माठापाशी ऐकलेलं. शेठच्या मनात तसलं काही नसेल. नसेलच. पण कानशिलं तापली ती तापलीच.

५ नोव्हें., गुरु
पुण्याचा इंजि. आला. कव्हर उघडलं, फुंकर मारली, चहा प्यायला. "मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या." मी म्हटलं, बोर्डाला काही झालेलं नाही, घड्याळाच्या चिपमधला सेल संपलाय. मशीनचा नंबर तिच्यातच असतो, सेल संपला की मशीन तो विसरतं. माझ्याकडे न बघता शेठना म्हणतो, "यांचा काही कोर्सबिर्स झालाय का?"
इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री आहे माझी, गाढवा! हे बोलले नाही. का नाही बोलले?
शेठ म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाही तर भंगारात देऊ. मशीन गेलं की मीही गेले. त्याच्यासाठीच घेतलंय मला, तेही टेंपररी.

७ नोव्हें., शनि
शेठ राहुरीला गेलेले. उघडलं.
काय नालायकपणा आहे बघा, सेल चिपच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये गाडून टाकलाय. बदलायची सोयच नाही. मशीन बंद असतं तेव्हा तो सेल झिजतो. बनवणाऱ्यांना काय ठाऊक, एमआयडीसीत लाइट किती वेळा जाते. बारीक कानस घेऊन प्लॅस्टिक घासत बसले. पोपटराव फिटर चिप धरून, श्वास रोखून.
"म्याडम, लई बारीक काम हाय. तार तुटली म्हंजी?"
"म्हणजे मी घरी."
आतल्या सेलची वाट तोडली, दोन वायरी बाहेर काढल्या, त्यांना बाहेरून तीन व्होल्टचा चपटा सेल जोडला. सोल्डरचा डाग नीट बसेना, बोट भाजलं. मग चिपवरच्या स्टिकरवरचा नंबर कीबोर्डवरून भरला. उठलं! ड्रॉइंगं सगळी जागच्या जागी. पोपटराव ओरडले, "आयला, उठलं की वो!" मी त्यांना टाळी दिली.

९ नोव्हें., सोम
शेठ गिऱ्हाइकाला फोनवर : "पुण्याच्या इंजिनिअरनी सांगितलं, तसं आमच्या मॅडमनी केलं." माझ्यासमोर! त्या माणसानं काय सांगितलं होतं? नवीन घ्या! संताप संताप झाला. जेवण गेलं नाही.

१८ नोव्हें., बुध
टेम्पोतून दुसरं मशीन आलं. भोसरीच्या भंगारातून, अगदी तसंच, तसंच मेलेलं. शेठ गोड बोलायला लागले तेव्हाच समजायला हवं होतं. "मॅडम, तुमच्या हातात जादू आहे." आता हात लावलेला चालतो.
तर याला जिवंत करायचं आणि पहिल्याचाच नंबर घालायचा. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मशीनचा नंबर बघून चालतं, एकाच मशीनचा परवाना आहे, तो दोन्हीकडे चालवायचा.
म्हटलं, "शेठ, हे दोन नंबरचं काम आहे."
"अहो, दोन नंबरचंच मशीन आहे ते!" आणि हसले. पोट धरून. मग हळूच, "हे झालं की एक तारखेपासून तुम्ही पर्मनंट."
नाही झालं तर काय, ते बोलले नाहीत. कोणी विचारलं तर नंबर कोणी घातला म्हणून कोणाचं नाव सांगतील, ते मात्र मला माहीत आहे.

१९ नोव्हें., गुरु
अण्णांना फोन. वाटलं होतं म्हणतील, लाथ मार असल्या नोकरीला. आम्हाला मान ताठ ठेवायला शिकवणारे अण्णा म्हणाले, "आधी पर्मनंट हो बाई. मग काय भांडायचं ते भांड." त्यांच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते. नीट निरोपही न घेता फोन ठेवला. आता त्याचाच राग येतोय. माझाच.

२३ नोव्हें., सोम
दुसऱ्याचीही चिप कानसली, सेल जोडला. ते काम चोख करणार, त्यात त्या मशीनचा काय गुन्हा? मग ते नंबर मागत थांबलं. पहिल्याचा नंबर मला पाठ आहे. बोटं कीबोर्डवर होती.
त्याच्याच चिपवर अर्धवट फाटलेलं स्टिकर होतं, आकडे वाचता येण्याजोगे. तेच भरले. मशीन मस्त चाललं. सॉफ्टवेअर उघडायला गेले तर परवाना नाही म्हणून नकार. बरोबरच आहे त्याचं.
निघताना शेठ गेटपाशी भेटले. उद्या सकाळी मोठं गिऱ्हाईक येतंय, दोन्ही मशीन शेजारी शेजारी चालू दाखवायचीत.
"झालं का चालू?"
"झालं."
खूश होऊन स्कूटरला किक मारली. नंबर कुठला, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उद्या सगळ्यांसमोर विचारतील, तेव्हा सगळ्यांसमोरच सांगेन.