औषध खाली उतरत नाही

शनि. २ फेब्रु. ९१
डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, आवडेल ते खायला द्या. पुढचं मी विचारलं नाही. ह्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही आणि यकृत गेलं. रिक्षात हे विचारतात, ‘‘आवडेल ते म्हणजे कांदाभजीसुद्धा?’’ 
शेजारचे सावंत उद्या हौशी मंडळींना कर्नाळ्याकडच्या जंगलात नेतायत. वर ठाकरवाडी आहे. तिथली म्हातारी बुधी काविळीवर मूळ देते, असं दूधवाला म्हणतो. मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. अंगारे लावून मुली शाळेत पाठवणाऱ्या आयांना वर्षानुवर्षं फैलावर घेतलं. सावंतांना सांगितलं, येते. झाडं बघायला.

रवि. ३
वन्संना ह्यांच्यापाशी बसवून स. ६ ला निघाले. एकूण अकरा जण. वाटाड्या पदू, ठाकर, माझ्याच वयाचा, अनवाणी. सावंत दर दहा पावलांना पक्षी दाखवतात. दोन तासांची वाट चार तास चालली. कुणी बाईंनी विचारलं, वाघ दिसेल का? पदू म्हणाला, ‘‘त्यो ऐतवारी सुटीवर असतो, बाय.’’ सगळे हसले. मला एकेक मिनिट जड.
वाडीत मंडळी फोटो आणि नाचणीच्या भाकरीत रमली. मी मागच्या अंगाला बुधीकडे. सुपात वाल पाखडत होती. वर न बघता विचारलं,
‘‘डोळं पिवळं?’’
‘‘हो.’’
‘‘जेवतो?’’
‘‘थोडं.’’
‘‘पोटात पानी भरलंय?’’
दोनदा सुईने काढलंय. पुन्हा भरतंय.
‘‘नाही,’’ मी म्हणाले.
आता तिने वर बघितलं. ‘‘भरलं असंल तं मी देत नाय. त्या मानसाला ह्ये मूळ मारतं. नाय भरलं तं आन त्याला.’’
म्हटलं, ते चालू शकत नाहीत, द्या, मी नेते.
‘‘औषद खाली उतरत नाय, बाय. पोटाला हात लावल्याबिगर देत नाय मी. मानूस वर येतो.’’
उतरताना सावंतांनी विचारलं, कुठली झाडं पाहिली? एकही आठवेना.

बुध. ६
पदू बाजाराला आला होता, गाठला. झोळीतून माणूस वर न्यायचा म्हटल्यावर आधी हसला. ‘‘आमी आमची मानसं झोळीत घालून तुमच्या दवाखान्यात आनतो. तुमी तुमचा वर नेताय. वाटंत गाठ पडंल.’’
मग हसायचा थांबला. ‘‘सून उतरवली व्हती सरावनात. पोचली नाय.’’
 रविवारी चौघं येतो म्हणाला.

शुक्र. ८
डॉक्टरांना सांगितलं, ह्यांना धाप लागते. खोटं नव्हतं. अर्धवट होतं. त्यांनी पुन्हा पाणी काढलं. पोट अगदी सपाट. कधीपर्यंत राहील असं, विचारलं. ‘‘चार-पाच दिवस. का हो?’’
‘‘सहज.’’
सव्वीस वर्षांच्या नोकरीत ‘सहज’ हे उत्तर मी एकाही मुलीकडून ऐकून घेतलं नाही.
त्या मुळाने खरंच मरत असतील तर? पण तिला तरी कुठे शास्त्र कळतं. आणि तिला कळत नसेल, तर मी तिच्याकडे कशाला जातेय?

शनि. ९
ह्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ओळखलंच होतं. ‘‘पाणी काढलंस कशाला, ते मला कळत नाही असं वाटलं का?’’
मी औषधाच्या बाटल्या ओळीने लावू लागले.
‘‘ह्याला कॉपी म्हणतात. त्या कुलकर्ण्यांच्या पोरीला तू ह्याच्यासाठी परीक्षेतून उठवलं होतंस.’’
‘‘तिचं एक वर्ष गेलं. माझं—’’
पंख्याकडे बघत म्हणाले, ‘‘जाऊ. तो कर्नाळ्याचा सुळका तीस वर्षं गच्चीतून बघतोय. जवळून बघतो. पण म्हातारीनं विचारलं तर मी खरं सांगणार.’’
‘‘सांगू नका.’’
‘‘मग तू सांग.’’
 संध्या. कांदाभजी केली. ह्यांनी दोन खाल्ली.

रवि. १०
स. ५॥. पदू आणि तिघं दारात. एक बांबू, एक धुवट लुगडं. ह्यांना झोळीत घेतलं. खांदा देऊन बघत पदू म्हणाला, ‘‘वजनच नाय, बाय. पाखरू हाय.’’
‘‘पाखरू असतो तर तुमचे खांदे वाचले असते,’’ हे झोळीतून.
वन्सं देवापाशी. मला तिथे उभंसुद्धा राहवेना.
थर्मास, ग्लुकोज, टॉवेल घेतले. रिपोर्टची फाइल दोनदा पिशवीत ठेवली, दोनदा काढली. बुधीला वाचता येत नाही. फाइल दाखवायची झाली तर बोलावं मलाच लागेल.
पदू घाई करतोय, उन्हाच्या आत चढण संपवायची. झोळीत हात घालून ह्यांचं पोट चाचपलं. मऊ आहे. कडेला, डावीकडे, किंचित फुगीर.