दारातला कंडक्टर

४ मार्च

ती. आक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी भलतंच समजतो, म्हणून पत्र लिहायला बसलो आहे. तुझा गुडघा कसा आहे ते कळव.

इथे घोळ झाला आहे. तुझ्या भाचीने, म्हणजे आमच्या लेकीने, पार्लरचे दर वाढवले. थोडेथोडके नव्हे, दुप्पट. पुढच्या खोलीच्या दारावर नवा फलक टांगला आणि मला साधं विचारलंही नाही. आत ती बायकांचे चेहरे चोळते, पण दाराशी स्टुलावर बसून पैसे घेतो मी, माझ्याच जुन्या कंडक्टरच्या चामडी बॅगेत. मग तोंड कुणी द्यायचं? मीच ना? तुला आठवत असेल, भाडेवाढ करायचे वरच्या ऑफिसातले लोक आणि शिव्या खायचो मी गाडीत. एका बाईने तर माझ्या अंगावर सुटे पैसे फेकले होते.

बायका उद्या दुसरीकडे गेल्या तर ही खाणार काय? तिला पुढेमागे कोणी नाही. मी काय जन्माला पुरणार आहे? विचारलं तर म्हणते, नाना, तुम्ही फक्त पैसे घ्या.

शिवाय फलक लागल्यापासून ती जरा साहेबीणही झाली आहे. क्रीमच्या डब्यांची झाकणं मी उघडायची, ओले टॉवेल मी पिळायचे. पूर्वी ही कामं ती गुणगुणत करायची. तूच तिला दोन शब्द सांग. तुझं ऐकते.

लोभ वाढवावा. तेवढी एकच वाढ मला सोसते.

तुझा,
धाकटा


१२ मार्च

चि. कंडक्टरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ओळी अशा उतरत गेल्या आहेत की शेवटचे शब्द टेबलावर सांडले असावेत. नवा चष्मा या महिन्यात करणार होतास, त्याचं काय झालं?

दर तिचे, हात तिचे. तुला न विचारता वाढवले याचं दुःख जास्त की वाढवले याचं, ते आधी ठरव. ती काही काल धंद्यात पडलेली नाही. तू स्टुलावर बस, पैसे घे आणि तोंड मिटून ठेव. तुला ते जमणार नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी लपंडावात तू कपाटामागून ओरडून सांगायचास की मी इथे नाही.

गुडघा आहे तिथेच आहे. माझी माया तुझ्यावर आहेच, पत्रातून मागत जाऊ नकोस.

आक्का


२८ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं. पण पहिल्याच दिवशी शाळेतल्या बाई आल्या, फलक वाचला आणि पर्स उघडायची ती मिटून उभ्या राहिल्या. तेव्हा मला पास आठवला. भाडं वाढलं तरी जुना पास मुदत संपेपर्यंत जुन्याच पैशात चालायचा. हा नियम आहे, मी मनाने काढलेला नाही. बाईंना हळूच म्हटलं की तुम्ही जुन्या, तुम्हाला जुनाच दर, फक्त बोलू नका कुठे. मग बँकेतल्या बाई आल्या. त्याही जुन्याच. बेकरीवालीही जुनीच. आक्का, नीट बघायला गेलं तर सगळ्याच जुन्या निघतात.

संध्याकाळी बॅगेतले पैसे फलकाशी जुळायला हवेत, म्हणून कमी पडतील तेवढे मी पेन्शनमधून घालतो. चष्म्याचं पुढच्या महिन्यात बघू.

पण आता झालं आहे भलतंच. गर्दी कमी व्हायची सोडून वाढली. शाळेतल्या बाईंनी सगळ्या शाळेला सांगितलेलं दिसतं की फलक वाचू नका, दारातल्या म्हाताऱ्याला विचारा. बाकावर जागा नसते. बायका जिन्यात बसतात आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात. या वयात.

तुझी भाची फलकासमोर उभी राहून तो वाचत बसते, जणू दुसऱ्याच कोणी लिहिला आहे. काल म्हणाली, पुढच्या महिन्यात आणखी वाढवते. मला काही कळेनासं झालं आहे. दर वाढले की गर्दी वाढते, गर्दी वाढली की ही दर वाढवते, आणि पेन्शन तेवढंच राहतं. तिला यातलं काही बोलू नकोस.

लोभ आहे तो राहू दे, सध्या लागणार आहे.

धाकटा


३० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते, पण नाना शेजारी असतात आणि नको ते त्यांना बरोबर ऐकू येतं.

आत्या, माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला आहे. या कामात सगळा भार अंगठ्यांवर. डॉक्टर म्हणाले, काम निम्म्यावर आणा, नाहीतर पुढे पेनही धरता येणार नाही. नानांना सांगितलं तर ते जेवण सोडतील. आणि गिऱ्हाइकांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. कोणाच्या घरी लग्न असतं, कोणाची मुलाखत असते. मग वाटलं, दर वाढवावेत. निम्म्या आपल्या पायांनी जातील, उरलेल्यांत तेवढेच पैसे मिळतील आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

तर एकही गेली नाही. उलट न पाहिलेल्या बायका येतात. दराबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, नुसत्या नानांकडे बघून हसतात. परवा क्रीमची वाटी हातातून पडली. निसटली म्हणून सांगितलं. आता आणखी वाढवते आहे. कदाचित वाढवले तेच कमी पडले असतील. माझं डोकं चालत नाही. तू नानांना कळू देऊ नकोस.

माया आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझी भाची


६ एप्रिल

चि. कंडक्टरास,
अनेक आशीर्वाद.

मी मधल्या मध्ये फसले आहे. कसं ते विचारू नकोस. मी कोणाला शब्द दिला की मोडत नाही आणि या वयात मोडायला लागणार नाही. एवढंच लिहिते. ती झाकण उघडायला देईल तेव्हा झाकणाकडे बघू नकोस, तिच्या हाताकडे बघ. मग पास वाटायचे की नाहीत ते तुझं तू ठरव.

सोबत चष्म्याचे पैसे पाठवते आहे. हे बॅगेत गेले तर मी स्वतः येईन, गुडघ्यासकट.

आक्का


१९ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

चष्मा केला. घरी आलो तर ती टॉवेलचं एक टोक काखेत दाबून डाव्या हाताने पिळत होती. मी डबा मागितला तेव्हा अंगठा दिसला. मुळाशी सुजून गाठ आली आहे. आणि मी तिला साहेबीण म्हणत होतो.

विचारलं तर म्हणाली, काही नाही. मग तिने उलट विचारलं की बेकरीवाली आज म्हाताऱ्याचा दर म्हणाली, तो कुठला? मीही म्हटलं, काही नाही. जेवताना दोघंही ताटात बघत होतो. शेवटी तिने आधी सांगितलं. मग मी सांगितलं. रागावेल म्हणून मी उठून उभाच राहिलो होतो. ती मला बसा म्हणाली, आणि मग खूप वेळ हसली की रडली ते नव्या चष्म्यातूनही नीट कळलं नाही.

हिशेब तिने मला तीनदा समजावला. गिऱ्हाइकं कमी आणि पैसे तेवढेच. मला अजून पटत नाही. गाडी रिकामी असलेली बरी असं डेपोत कोणी म्हटलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं. पण अंगठा मी पाहिला आहे, तेव्हा वाद घातला नाही.

शाळेतल्या बाईंना मीच सांगितलं की पासाची मुदत संपली. त्या नाक उडवून गेल्या. चार दिवस मी दाराकडेच बघत होतो. बऱ्याच जणी गेल्या, काही फलकाप्रमाणे पैसे देऊन बसल्या. शाळेतल्या बाई कालच परत आल्या, पर्स उघडीच होती.

खरी गंमत शनिवारी झाली. जिन्यात पुन्हा गर्दी. ही दारात आली, अंगठा ॲप्रनच्या खिशात घातलेला, आणि सवयीने या म्हणणार तोच मी स्टुलावरून उठलो. दारात हात आडवा धरला. रिटायर झाल्यापासून जो आवाज निघाला नव्हता तो निघाला. म्हटलं, गाडी भरली, मागच्या गाडीने या. एकीने विचारलं, मागची कधी आहे? मंगळवारी, म्हटलं. आणि आक्का, त्या गेल्या. कोणी सुटे पैसे फेकले नाहीत. आत जिच्या चेहऱ्यावर लेप होता ती इतकी हसली की लेप तडकला.

तिला जन्मात जमलं नाही ते मला रोजच्या सवयीचं होतं. मग तिने आधीच का सांगितलं नाही, आणि मी आधीच का विचारलं नाही, हे काही उलगडत नाही. अंगठा बरा होईल का हेही डॉक्टर धड सांगत नाहीत.

सकाळी मी सगळ्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवतो. आज तिने एक उचललं, ते सहज उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गुणगुणत आत गेली.

लोभ वाढवावा. त्याला अजून जागा आहे.

तुझा,
धाकटा