ते कपडे भिजवू नका

जाऊबाई,

ही चिठ्ठी नीट वाचा, आज आख्यान आधी सांगते, निरूपण परतल्यावर. समोरच्या शिवणाच्या दुकानात काम करणारी माझी मैत्रीण आतल्या खोलीत निजलीय. काल तिच्या मालकाने तिच्यावर जबरदस्ती केली. त्याच्या दारावरून जायला ती घाबरते, म्हणून तिला विचारूनच मी डॉक्टरीणबाईंना घरी आणायला गेलेय.

कागदी पिशवीतले तिचे कपडे धुवू नका. तोच पुरावा आहे, आणि तुम्ही दिसेल ते भिजवता, म्हणून जीव टांगणीला लागलाय. "एकटी थांबलीसच कशाला?" असंही विचारू नका. मालक कितीही गोड बोलला तरी कडी काढू नका, तुम्हाला माझी शपथ.

माझ्या तोंडी आज नाम येत नाही. देवापुढे बसाल तेव्हा तिची आठवण ठेवा.