स्नेहलच्या चुड्याबद्दल

कोल्हापूर,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालूबाई,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना लालबीचा सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी बांगड्यांच्या दुकानात बसून ओरडले की अर्ध्या गल्लीला कळतं. म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

स्नेहलच्या लग्नाची पत्रिका मिळाली. काल-परवापर्यंत तुझ्या कडेवर बसून माझ्या दुकानातल्या बांगड्या ओढणारी तुझी नात, तिचं लग्न! नवरा मुलगा कागलच्या एमआयडीसीत आहे ना? आमचा लेक रिजवानही तिथंच कामाला. मी न सांगता त्यानं चौकशी करून टाकली. मुलगा सरळ आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तेवढं तुझ्या कानावर घालते.

आमच्याकडची खबर म्हणजे माझ्या हातांनी नुसता उच्छाद मांडलाय. धरलेलं सुटतं. कप सुटतो, चष्मा सुटतो, परवा तर मोबाइल दुधाच्या पातेल्यात पडला. दूध गेलं, मोबाइल वाचला. डॉक्टर म्हणाले, "आजी, वय झालं, बोटांतली ताकद कमी होणारच." मी म्हटलं, "वय होऊन लई दिस झालं की डॉक्टर, हात आत्ता सुटाय लागलाय." त्यांनी हसून गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्याही घेताना सांडतात.

पण सून मोठ्या मनाची मिळाली बघ. एके दिवशी बघते तर घरातल्या कपबशा गायब, जागेवर स्टीलचे पेले. मी चिडले, म्हटलं माझ्या कपबशा कुठं घालवल्यास? अफसाना म्हणते, "अम्मी, आता ह्येचीच फ्यॅशन हाय. समद्यांच्या घरात हेच." रिजवान गरम पेल्यानं ओठ भाजून घेत चहा पितो, पण चकार शब्द काढत नाही. मला कळायला दोन दिवस लागले. कळलं तेव्हा मोरीत जाऊन रडून आले. एवढं माझं नशीब चांगलं असेल असं वाटलं नव्हतं.

स्नेहलसाठी गर्द हिरव्या बांगड्या बघून ठेवल्यात, वर सोनेरी टिकली. तिच्या रंगाला शोभतील. मी काय म्हणते, चुडा अफसानानं भरला तर? तिचा हात आता चांगला तयार झालाय. बोलतेही गोड. आजकालच्या मुलींना त्यांच्याच वयाची माणसं आवडतात.

हे वाचून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील, मला दिसतंय. मग खरंच सांगते.

गेल्या महिन्यात दुकानात एक नवरी आली होती. चुडा भरताना माझ्या हातून एक बांगडी फुटली. फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण ती फुटलीच. दुसरी घेतली, तीही गेली. भरताना गेली तर नुकसान भरणाऱ्याचं, हा आमचा रिवाज, त्याचं मला काही नाही. पण पोरीच्या मनगटातून रक्त आलं. तिची आई पदर सावरून उठली आणि लेकीला घेऊन पुढच्या दुकानात गेली. तेव्हापासून मी एकाही नवरीचा हात धरलेला नाही.

तुझ्या मांडवात, पै-पाहुण्यांसमोर तसं झालं तर मी तोंड कुठं लपवू? तुझ्या घरानं मला फार मान दिला. तुझा चुडा मी भरला, तुझ्या सुनेचा मी भरला, आणि भरून झाल्यावर दोघी भरल्या घरात माझ्या पाया पडलात. मी मुसलमानाची, पण त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. अल्लानं या हातांना पदरात मावणार नाही एवढं दिलं. आता ते थकले तर मी कुठल्या तोंडानं तक्रार करू? फक्त तुझ्या नातीच्या शुभकार्याला माझ्यामुळं गालबोट नको. अफसाना येईल. मी घरीच थांबते, इथूनच दुवा करेन.

रागावू नकोस.

तुझी
लालबी


शिरोळ,
ता. १० फेब्रुवारी २०२५

लालबी,

मी बोलतीया आनि स्नेहल लिवून घेतीया. तिला सांगितलंय, बोलंन तसंच लिव, साळंतलं काय घालू नगंस.

तुझं पत्र पोचलं. पोराची चौकशी केलीसा ते ब्येस झालं, आमीबी केलीती. अफसानाला येऊ दे, तिच्यासाठी लुगडं काढून ठेवलंय. पर तू घरात थांबतीस म्हंजी काय? माझ्याम्होरं तुला लाज वाटाय लागली व्हय?

तुझ्या पत्रात एक गोष्ट न्हाई, म्हणून मी सांगतीया. स्नेहलचा आजा गेला त्या दिशी बायका माझ्या बांगड्या फोडाय दगड घिऊन बसल्या हुत्या. तू कोल्हापुरास्नं आलीस ती सरळ माझ्याम्होरं बसलीस. म्हणालीस, "ह्या हातात मी भरल्यात, मीच काढनार." बायका लई कावल्या. तू कुनाकडं बघितलं न्हाईस. माझा हात मांडीवर घेतलास, अंगठा दुमडलास आनि एकेक बांगडी काढलीस. एक फुटली न्हाई. साधा वरखडा उठला न्हाई. पदरात बांधून घिऊन गेलीस. त्या दिशी माझं समदं मोडलं हुतं लालबी, तू आनखी काय मोडू दिलं न्हाईस.

हे मी घरात कुनाला बोलली न्हवती. स्नेहलनं मगाशी लिवायचं थांबवलं हुतं, आता डोळं पुसून परत बसलीया.

चुडा तिचा, म्हणून तिलाच इचारलं. ती म्हणती, "फुटली तर दुसरी घालतील की आजी. हात माझा हाय, मला लालबी आजीच पायजे." आता बोल.

अफसाना बांगडी सरकवू दे, पर हात तूच धरायचास. धरायची हातोटी तुझी हाय, ती काय गोळ्यानं येत न्हाई आनि जात न्हाई.

आनि तू हळदीच्या आदल्या दिशी मुक्कामाला ये. येताना एक डझन जास्त आन. पयल्यांदा माझ्या हातात भर. व्हय, माझ्याच. सहा वरसं हात मोकळं हायत. गावात आता बांगड्या फोडायची चाल बंद झालीया, आनि झाली नसती तरी ह्या वयात मी कुनाला भिऊ? फुटतील तेवढ्या माझ्या हातात फुटू देत, झाडून मी काढीन. तुझा हात बसला की मग नातीचा धर.

हात पुढं करून बसलेली,
शालू