कान घरी ठेवून ये

पूनम सागर, मीरा रोड
४ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

लिहून लिहून मी पार थकलोय. महिनाभर लेखन बंद. फोनही कपाटात टाकलाय, म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यावर दिवसभर ड्रिल मशीन चालतं. आठवडाभर तुझ्याकडे राईला येऊन पडू का? ओटीवर चटई मिळाली तरी पुरे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा पराग

राई, भाईंदर
८ मे

चि. परागास अनेक आशीर्वाद.

लिहिणं सोडल्याचं लिहून कळवलंस, कौतुक वाटलं. वर्षभरात तुझी एकच गोष्ट आली, तीही माझ्या घरातून उचललेली. तेव्हाही विश्रांतीलाच आला होतास, आणि दिवाळी अंकात कमरेला किल्ली लावून सुके बोंबील राखणारी म्हातारी छापून मोकळा झालास. अख्ख्या गावाने सासूबाईंना ओळखलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी चांदणीला सांगतात, तुझ्या आईला सांग म्हणून. एका घरात राहून हे फार जड जातं रे.

ये, भाऊ आहेस. पण कान घरी ठेवून ये. त्यांच्यावर पुन्हा एक ओळ लिहिलीस तर मला भाऊ नव्हता असं समजेन.

रागावूनही वाट पाहणारी,
ताई मंजुळा

मीरा रोड
२२ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शब्द पाळला. तुझ्या सासूबाई रोज दुपारी ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यासमोर बसायच्या. मिठागरावरची भांडणं, जावेने लपवलेला कोंबडा, सगळं रंगवून सांगायच्या. मी डोळे मिटून खोटंखोटं घोरायचो. कोंबड्याच्या वेळी मात्र जीव कासावीस झाला. एवढी दमवणारी विश्रांती आयुष्यात घेतली नव्हती.

असाच जीव लावत जा.
पराग

राई
२६ मे

चि. परागास आशीर्वाद.

काल सासूबाई माझ्याशी बोलल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. तुझा भाव माझ्यावर लिवनार हाय का न्हाय, असं थेट विचारलं. माझे डोळे भरून आले. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की मुळीच नाही, मीच त्याला तशी ताकीद दिली आहे.

झालं. म्हणाल्या, म्हणजे किल्ली तेवढी छापायची, आणि जन्म गेला तो वाया? आज मीठ पुन्हा चांदणीमार्फत मागितलं.

तेव्हा विश्रांती पुरे. रविवारी ये. कोंबड्यापासून सुरुवात कर, असा निरोप आहे. आणि कान घेऊन ये.

जमलं तर लोभ, नाहीतर गोष्ट तरी पाठव.
ताई